पेनल्टी कायम

संध्याकाळी पाच वाजता पंच अनुजा चौगुलेनं पेठापेठांच्या फुटबॉल स्पर्धेतला उपांत्य सामना थांबवला आणि ती धावत मैदानाबाहेर गेली. तिनं पेनल्टी देऊन अजून मिनिटही झालं नव्हतं.

गॅलरीला तेवढं पुरे होतं. ज्या पेठेच्या संघाविरुद्ध पेनल्टी होती, त्यांच्या बाजूनं पाण्याच्या बाटल्या आल्या. "भ्याली रं! पंच पळाली!" कुणीतरी हलगी बडवायला घेतली.

अनुजा टॉयलेटमध्ये होती. मोठ्या आतड्याला सूज, नऊ वर्षांपासून. औषधांवर महिनोन्महिने ठीक चालतं. मग एखाद्या आठवड्यात आजार उसळतो, रक्त पडतं, आणि कळ आली की थांबवता येत नाही. हा तसा आठवडा होता. म्हणून सकाळी फक्त मऊ भात. कोल्हापुरात राहून ती तांबड्या रश्श्याला हात लावत नाही. कुठल्याही मैदानावर पोचली की आधी टॉयलेटच्या दाराची कडी बघते, मग गोलची जाळी. काळी चड्डी घालते. पिशवीत तशीच दुसरी असते. आजवर तिनं एकही सामना अर्ध्यावर सोडला नव्हता. म्हणून कुणाला काही सांगायची वेळही आली नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा दारात स्पर्धेचे सचिव हंबीरराव उभे होते. अंतिम सामन्याला पंच कोण, ते आज तेच ठरवणार होते.

"राखीव पंचाकडं शिट्टी दे आन् घरी जा पोरी. ताप भरलाय म्हणून सांगतो मी माईकवर."

"ताप न्हाय, काका. आतड्याचा आजार हाय. तेच सांगा."

"अगं, अख्ख्या कोल्हापुराला कळंल."

"कळू दे की. पेनल्टीला भिऊन पळाली, हे कळण्यापेक्षा बरं."

हंबीररावांनी दोनदा घसा खाकरला. मग माईक घेतला. "पंचांना आतड्याचा आजार हाय. त्या परत येत्यात. पेनल्टी कायम हाय."

गॅलरीत एकदोघं हसले. त्यांना साथ मिळाली नाही. हलगी थांबली.

अनुजा दुसरी चड्डी घालून चालत मैदानात आली. तिनं चेंडू उचलून पुन्हा पेनल्टीच्या खुणेवर ठेवला.

समोर गोलकीपर राजवीर होता. पहिल्या हाफमध्ये खेळ थांबलेला असताना तो न विचारता मैदान सोडून आत पळाला होता. तो परत आल्यावर तिनं त्याला पिवळं कार्ड दाखवलं. "बूट बदलायला गेलतो," तो म्हणाला होता. पायात बूट तेच होते. ते तिनं पाहिलं होतं, विचारलं मात्र नव्हतं.

तिनं शिट्टी ओठांना लावली. राजवीर रेषा सोडून थेट तिच्याकडं चालत आला. गॅलरी पुन्हा उठून उभी राहिली.

"मागं हो. आणखी एक कार्ड मिळालं तर बाहेर जाशील."

तो हटला नाही. पेनल्टी मारणाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं तोंडापुढं ग्लोव्ह धरला.

"मॅडम, मगाशी मी बूट बदलायला न्हवतो गेलो. तुमचं डॉक्टर कुठं बसत्यात?"