ताईंचा नकार

कंपनीच्या शेकडो डोमेन नावांना, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यांना, कुलूप होतं. एखादं नाव दुसऱ्याच्या ताब्यात हलवायचं, तर नोंदणीवाले आधी आमच्या विभागप्रमुख ताईंना फोन करून परवलीचा शब्द विचारायचे. ताई वारल्या, त्यांच्या जागी नवे साहेब आले. नोंदणीतला ताईंचा नंबर बदलायचा मात्र राहूनच गेला.

आज दुपारी नोंदणीवाल्यांचा मला फोन आला. “तुमचं मुख्य नाव हलवायची विनंती आली होती. ताईंनी नकार दिला.”

मी म्हटलं, “अहो, त्या गेल्या. फोनही बंद आहे त्यांचा.”

तो म्हणाला, “परवलीचा शब्द तर बरोबर सांगितला. तुमच्यासाठी निरोपही दिलाय, ‘माझ्या खुर्चीकडे बघ.’”

मी वळून पाहिलं. ताईंच्या खुर्चीत बसलेले नवे साहेब घाईघाईने लॅपटॉप मिटत होते.