वाऱ्याकडची खिडकी

चक्रीवादळ गेलं की डॉमिनिकातल्या या गावात न बोलावता सगळे एकमेकांची घरं उभी करतात. मा सिल्वानीच्या पणजोबांनी बांधलेल्या घराच्या उडून गेलेल्या फळ्या लोक शेतांतून डोक्यावर आणत होते. ती त्यांच्यासाठी नीरफणस भाजत होती. “आता पुरे रे बाबांनो,” ती म्हणाली, “मी लेकीकडे लंडनला जाते.” “मा, फणस करपतोय बघ,” खांबावरून कुणीतरी म्हणालं. ती सोडून सगळे हसले. चर्चमध्ये आसऱ्याला जाताना वाऱ्याकडची खिडकी घट्ट लावायची आणि मागची उघडी ठेवायची, म्हणजे वारा घर उचलत नाही, हे इथलं पोरसुद्धा जाणतं. म्हातारा सुतार अल्सीद वाऱ्याकडच्या खिडकीची चौकट घेऊन तिच्याशेजारी बसला. कडी वाकलीही नव्हती. ती लावलेलीच नव्हती. मा विस्तवाकडे बघत राहिली. “दमलीस गं,” तो हळूच म्हणाला. “पुढच्या वादळाला कडी लावायला मीच येईन.”