ओलावा साठ
अल्बर्टातल्या खाणीवरची तीन आठवड्यांची ड्यूटी संपवून डार्ला घरी परतली, तर अजगराच्या काचपेटीतला दिवा बंद आणि शेवाळ कोरडंठाक. एरवी मोज्यासारखी अखंड निघणारी कात चिंध्या होऊन अंगालाच चिकटली होती. किल्ली सोपवलेल्या भावाला, वेसला, तिने फोन लावला. "अगं ताई, रोज मीटरचा फोटो पाठवला ना? ऊब बत्तीस, ओलावा साठ!" वेस उखडला. गारढोण अजगराला पोटाशी धरून तिने फोटो पुन्हा उघडले. प्रत्येक फोटोत मीटरच्या काचेवर त्याच जागी तोच थेंब. "एकाच दिवशी काढून ठेवलेस?" "सापच तर आहे तो! आईकडे तर रोज जातो ना मी, वृद्धाश्रमात?" आईचेही फोटो रोज यायचे, दमलेली डार्ला तेवढं हसू बघून झोपायची. आता तिने एकेक फोटो बोटाने सरकवला. एकवीसच्या एकवीस फोटोंत आईच्या हातात तेच अर्धवट सोललेलं संत्रं.