टाळ्यांच्या आधीची अकरा मिनिटे

कॅसेटच्या कडेच्या भोकावर काल लावलेली चिकटपट्टी श्रीपतने नखाने सोलून काढली आणि टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवली. भोक उघडे असले की कॅसेटवर नवे काही मुद्रित होत नाही आणि जुने पुसले जात नाही; बुजवले की दोन्ही होते. अशी खबरदारी घ्यावी इतके मोलाचे तिच्यावर आता काही आहे का, हे मात्र अजून ऐकायचे होते.

दासगावच्या घराच्या पडवीत जानकीआत्या भिंतीला पाठ लावून बसली होती. काल, वीस मार्चला, महाडला चवदार तळ्याच्या पायरीवर उभी राहून ती दर वर्षीप्रमाणे स्वतः रचलेले गाणे गायली होती, आणि परतताना एसटीत म्हणाली होती की हे शेवटचे. श्रीपतच्या धाकट्या बहिणीने, ललिताने, सकाळपासून तिची समजूत घालून पाहिली. आता ललिताची सारी भिस्त टेपरेकॉर्डरवर होती. आत्याने स्वतःचा आवाज जन्मात ऐकला नव्हता. एकदा ऐकला की हट्ट सोडेल, असे ललिताचे म्हणणे होते.

"दादा, लाव आता."

"लावतो. पण निष्कर्ष आधीच काढून बसू नकोस."

"हे कॉलेजात बोल. इथं बटण दाब."

श्रीपत महाडच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे आणि घरी रॉक संगीत ऐकत असे. त्या संगीतातील थोर वादकांविषयी त्याचे एक ठाम मत होते. त्यांची परीक्षा स्टुडिओत होत नाही, हजारो माणसांसमोर होते. तेथे तार तुटली तर तुटलेलीच ऐकू येते. तो स्वतः अशा एकाही कार्यक्रमाला गेलेला नव्हता. त्याचा सर्व पुरावा या एका कॅसेटवर होता: परदेशातल्या एका मैदानावरचा कार्यक्रम, मुंबईच्या मित्राने उतरवून दिलेला. काल बाजारात कोरी कॅसेट मिळेना, तेव्हा त्याने विचारपूर्वक निर्णय घेतला. दुसऱ्या बाजूच्या आरंभी अकरा मिनिटांचे गिटारवादन होते. आत्याचे गाणेही अकरा मिनिटे चालते; गेल्या वर्षी त्याने घड्याळ लावून पाहिले होते.

त्याने बटण दाबले.

प्रथम एसटीचा भोंगा आला. त्यानंतर, अगदी जवळून, शेंगा विकणाऱ्याची आरोळी. मग मांडवातील कर्ण्याने पोलादपूरच्या मंडळींना ट्रक रस्त्यातून हलवण्याची विनंती केली, दोनदा. या सर्वांच्या पलीकडे एक बारीक आवाज होता. तो बाईचा आहे आणि ती गात आहे, एवढेच निश्चितपणे सांगता आले असते.

"ह्यात मी कुठं हाय रे?" आत्याने विचारले.

"मागे."

"मागं? मी तर म्होरं उभी व्हते."

ललिता भावाकडे वळली. "दादा, माईक कुठं धरला होतास?"

"लोकांकडे."

"लोकांकडे! आणि गात कोण होतं?"

"प्रत्यक्ष कार्यक्रमात श्रोत्यांचा प्रतिसाद हाच–"

"कसला प्रतिसाद? ऐक ना. दोन पुड्या मागतोय तो शेंगांच्या!"

मैदानावरच्या त्या कार्यक्रमात श्रीपतच्या अंगावर काटा यायचा तो गर्दी एकदम उसळायची तेव्हा. म्हणून काल त्याने आत्याकडे पाठ केली होती आणि गर्दी उसळण्याची वाट पाहत अकरा मिनिटे हात ताणून उभा राहिला होता. प्रयोगाची मांडणी चुकली होती, आणि तो पुन्हा करण्यासारखा नव्हता. गिटारवादन तर गेलेच होते.

गाणे संपले. बारीक आवाज थांबला एवढ्यावरूनच ते कळले. कोणी टाळी वाजवली नाही. कोणीतरी खोकले.

"आयकलंस ना गो ललिता?" आत्या म्हणाली. "म्हून म्हनते, बास झालं."

बंद करण्यासाठी श्रीपतने हात पुढे केला, तोच फितीवर खट्ट असा आवाज झाला आणि टाळ्या आल्या. त्या चाळीसेक हजार माणसांच्या होत्या. शिट्ट्या होत्या, आरोळ्या होत्या. टेपरेकॉर्डरची जाळी थरथरू लागली.

आत्या भिंत सोडून ताठ बसली.

"एवढी मानसं व्हती?"

ललिताने श्रीपतकडे पाहिले. तिला कोणते उत्तर हवे आहे, याविषयी शंका नव्हती. ते एका अक्षराचे होते.

"नाही, आत्या," श्रीपत म्हणाला. "या टाळ्या तुला नाहीत. परदेशातल्या एका गिटारवाल्याला आहेत. त्याच्या वाजवण्यावर मी तुझं गाणं घेतलं. त्याच्या टाळ्या तेवढ्या शिल्लक राहिल्या."

"दादा!" ललिता म्हणाली, आणि उठून दारात जाऊन उभी राहिली.

आत्या टाळ्या संपेपर्यंत ऐकत राहिली. मग श्रीपतने बटण बंद केले.

"म्हंजे त्याचं पुसलंस नि माझं घातलंस?"

"हो."

"बरा वाजवायचा?"

"त्याच्यासारखं मी दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही."

"आनि त्याच्या जागी ह्यो शेंगावाला." आत्याने टेपरेकॉर्डरकडे नापसंतीने पाहिले. "आसं ठेवून नाय चालायचं. पुढल्या साली परत घे. त्ये तुझं यंत्र माझ्या तोंडाम्होरं धर. नि टाळ्या पुसू नको. त्याच्या हायत त्या."

श्रीपतने कॅसेट बाहेर काढली, टेबलाच्या कडेची चिकटपट्टी उचलली आणि भोकावर दाबली. तिला धूळ लागली होती, ती धरेना. तो अंगठा दाबून तसाच बसून राहिला.