बारावी शस्त्रक्रिया

सभागृहातले दिवे मालवले गेले, खुर्चीवरचा एकच दिवा लागला आणि शिंपिणीने डोक्यावरून ओढून घेतलेली शाल खाली केली.

पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी श्वास रोखला. बाकीचे नीट दिसावं म्हणून पुढे सरकले. शंभरेक सर्जन होते, लांबलांबून आलेले.

तिचा डॉक्टर हातात बारीक छडी घेऊन शेजारी उभा होता. कपड्यांच्या कारखान्यातला बॉयलर फुटला तेव्हा हिच्या चेहऱ्यात फक्त डोळे उरले होते, असं त्याने सांगितलं. बाकी सगळ्यांनी हात टेकले होते. मांडीची कातडी, बरगडीच्या हाडाचं नाक, चौदा महिने, अकरा शस्त्रक्रिया. सांगताना त्याचा आवाज भरून आला, आणि ते नाटक नव्हतं. त्या चौदा महिन्यांत तो स्वतःच्या घरी धड जेवलाही नव्हता. तिला जगवलं ते त्यानेच, हे तीही कधी नाकारत नसे.

पण एवढ्या काळात त्याने तिला कुणाच्या नजरेला पडू दिलं नव्हतं. वरच्या मजल्यावरची मागची खोली, भिंतीवर आरसा नाही, जायचं-यायचं ते सामानाच्या लिफ्टने. तिची सात वर्षांची लेक मावशीचं बोट धरून तीनदा आली आणि तिन्ही वेळा खालूनच परत गेली. अर्धवट काम दाखवायचं नसतं, एवढंच डॉक्टरचं म्हणणं. वॉर्डात आयाचं काम करणाऱ्या आक्काने एकदा स्टीलचा ट्रे घासूनपुसून उलटा धरला, तेव्हा कुठे तिला स्वतःचा चेहरा दिसला. ती बराच वेळ बघत राहिली होती. रडली मात्र नव्हती.

छडी आता तिच्या डाव्या गालाजवळ आली. इथे काम थोडं कमी पडलं, डॉक्टर म्हणाला. ओठाचा कोपरा ओढला गेलाय. बाराव्या शस्त्रक्रियेत ही सगळी बाजू पुन्हा उघडायची. आणखी आठ महिने, की मग हिला काही झालं होतं हे कुणाला ओळखूही येणार नाही. टाळ्या वाजल्या. त्याने तिला हलकेच मान डावीकडे वळवायला सांगितलं.

तिने वळवली नाही.

“टाका ताणून घातलाय तुम्ही,” ती म्हणाली.

ओढलेल्या ओठातून काही अक्षरं निसटत होती, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. डॉक्टर ओशाळं हसला, पेशंट थकलीय म्हणाला. ती थांबली नाही. वरचं कापड ताणतं, आतलं अस्तर ताणत नाही. दोन्ही एकत्र खेचून शिवली की चुण्या पडणारच. चौथ्या शस्त्रक्रियेपासून तिला हे कळत होतं, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं. मागे एक म्हातारा सर्जन हसला. मग ती गंमत करत नाही हे लक्षात आल्यावर त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

“बारावी मला करायची नाही,” ती म्हणाली. “किती वेळा उसवायचं हे ज्याच्या अंगावर आहे त्याने ठरवायचं.”

डॉक्टर तिच्या कानाशी वाकला. तो रागावला नव्हता, घाबरला होता. “अशी बाहेर गेलीस तर लोक तोंड फिरवतील. पोरगी भिईल तुला.”

“भिईल. मग विचारेल. मग मी सांगेन.” ती उठून उभी राहिली. “तुम्ही मला जगवलंत, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण म्हणून मी तुमची होत नाही.”

मंचामागच्या दाराशी, सामानाच्या लिफ्टजवळ, आक्का उभी होती. तिच्याकडे बघून शिंपीण ओळखीचं हसली, जमेल तेवढं. मग समोरच्या पायऱ्या उतरून, शंभर सर्जनांच्या मधून, मोठ्या दाराने बाहेर पडली.

डॉक्टर खिडकीशी गेला. खाली आवारात भर दुपारची गर्दी होती. ती चालत होती तिथे गर्दी दुभंगत होती. एका बाईने कडेवरच्या मुलाचे डोळे झाकले. शिंपिणीने चाल वाढवली नाही, मानही खाली घातली नाही. फाटकाशी ती थांबली आणि तिने पहारेकऱ्याला काहीतरी विचारलं. लेकीच्या शाळेकडे जाणारी बस कुठली, असंच असावं. पहारेकऱ्याने जमिनीकडे बघतच रस्त्याच्या दिशेने हात केला.

ती हलली नाही. त्याने मान वर करेपर्यंत ती त्याच्यासमोर उभी राहिली.