पाठीवरचं गाणं

"टाकण्याआधी एकदा ऐकायचं तरी गं!"

फोनवरच्या गटातल्या कुणीतरी लिहिलेलं हे वाक्य नातीनं आजोबांपुढं धरलं आणि ती त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. आजोबांनी चष्मा सारखा केला, वाक्य दोनदा वाचलं आणि तिचा व्हिडिओ लावला.

आवडत्या मालिकेतले तुकडे एका गाण्यावर जोडून तिनं तो केला होता. चित्रं जागच्या जागी होती. मालिकेतली दीपगृहातली बाई दार ढकलत होती, जिना चढत होती, वादळात दिवा लावत होती. गाणं मात्र नव्हतं. खाली बारीक अक्षरांत सूचना होती, या व्हिडिओतलं संगीत दुसऱ्याच्या मालकीचं असल्यामुळं आवाज बंद केला आहे. शेजारी काट मारलेल्या कर्ण्याची खूण.

ती खूण नातीला दिसली नव्हती असं नाही. पण तिच्या फोनवर ती कायमच असते. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. फोनचा आवाज चालू ठेवून ती काय करणार?

"गाणं एका संगीत कंपनीचं आहे," आजोबांनी हातांच्या खुणांनी सांगितलं. "साइटच्या यंत्रानं ओळखलं आणि आवाज काढून टाकला."

"कधी?" तिच्या हातांनी विचारलं.

"टाकलंस तेव्हाच असणार."

म्हणजे सकाळपासून सगळ्यांनी मुका व्हिडिओ बघितला होता. गटातले सगळे त्या मालिकेचे वेडे, एकमेकांना कधी न भेटलेले. शाळेत, गल्लीत, दवाखान्यात तिच्या आधी तिचे कान पोचायचे. या गटात ती फक्त झकास व्हिडिओ करणारी मुलगी होती. ते तसंच राहावं म्हणून तिनं तिथं काही सांगितलंच नव्हतं.

व्हिडिओ करायची दोघांची एक रीत होती. स्पीकरवर हात ठेवला तर सगळंच एकदम थरथरतं, नेमकं कुठं कापायचं ते कळत नाही. म्हणून आजोबा कानाला हेडफोन लावून गाणं ऐकायचे आणि तिच्या पाठीवर बोटांनी ठेका धरायचे. बोट जोरात पडलं की तिथं ती चित्र कापायची. आजोबांचा जन्म टपालावर शिक्के मारण्यात गेलेला. ठेका धरायची तेवढीच काय ती सवय. नातीची आई म्हणायची, "बाबा, तुमचा ठेका म्हणजे तुमची डाक. पोचते, पण उशिरा!" गटातही एकदा कुणी लिहिलं होतं, "तुझं चित्र गाण्याच्या किंचित मागून येतं. काय स्टाईल आहे!" नात हरखली होती. आजोबांनी मान खाली घातली होती.

आता गटात सल्ल्यांचा पाऊस पडत होता. गाण्याचा वेग वाढव, यंत्राला पत्ता लागत नाही. तिनं वाढवला. यंत्राचे कान भलतेच तिखट. गाणं पुन्हा पकडलं गेलं.

"मी काय ते विकतेय का?" तिचे हात रागानं हवेत आपटले.

"नाही बाळा. पण वेष बदलला तरी गाणं त्यांचंच ना?"

मग कुणी सांगितलं, फुकट वापरायला मिळतं ते संगीत लाव. आजोबांनी त्यातलं एक ऐकलं आणि तिच्या पाठीवर वाजवलं. थोडा वेळ तिनं ते अंगावर घेतलं, मग खांदा काढून घेतला.

"ही बाई जिना असा चढत नाही," ती हातांनी म्हणाली.

तिनं फोन उचलला. 'व्हिडिओ काढून टाकते. मी गट सोडतेय.' लिहून झालं. अंगठा बटणावर थांबला.

आजोबांनी ते वाचलं. समजूत घालायला हात वर केले आणि परत खाली घेतले. त्यांनी बोटं तिच्या पाठीवर टेकवली आणि तोच ठेका धरला. कानाला काही न लावता, जसा आठवेल तसा.

तिनं पाठीवरचा तो हात धरला, पुढं ओढला आणि टेबलावर ठेवला. समोर संगणकावर मुका व्हिडिओ लावला. फोन टेबलावर टेकवून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मान हलवली. वाजवा.

आजोबांनी पहिला ठोका दिला आणि पडद्यावरचं दार उघडलं. दुसऱ्याला पाय पायरीवर पडला. ठोका आणि चित्र, दोन्ही एका वेळी. चित्रं याच बोटांवर कापलेली होती, कुठंच काही मागं पडत नव्हतं. आजोबांनी शेवटपर्यंत ठेका सोडला नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. ओले हात पुसायचे राहून गेले.

तो ठेका जोडून तिनं व्हिडिओ परत टाकला. यंत्रानं तो तपासला आणि जाऊ दिला. कुणाचाच हक्क नाही, असा निरोप आला.

गटात लगेच कुणीतरी लिहिलं, "हे काय नुसतं ठकठक? गाणं कुठं गेलं?" दुसऱ्यानं लिहिलं, "पण चित्र बघ ना, कसं बरोब्बर पडतंय!"

नात लिहायला लागली. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.

"काय लिहितेस?" आजोबांनी विचारलं.

तिनं पाठवलं आणि मग फोन त्यांच्याकडं वळवला.

'हेच ते गाणं. मला ते असंच येतं, पाठीवर.'