कुठवर आलं?

साहेब, माझ्या कामाची वाट तुम्हीच लावता. दर अर्ध्या तासाला खुर्चीमागे येऊन उभे राहता आणि विचारता, "कुठवर आलं?" मग येत असलेलंही येत नाही.

घरी मी एक राणी मुंगी पाळली होती, लाकूड पोखरणाऱ्या काळ्या मुंगळ्यांची. ठोकळा कोरून तिला घर केलं, वर काच बसवली आणि काचेवर पुठ्ठा झाकला. तिने नऊ अंडी घातली. आता दीड-दोन महिने अंधारात एकटं सोडलं, की पहिली पोरं ती स्वतःच वाढवते, हे मला तोंडपाठ होतं. तरी मी दिवसातून दहादा पुठ्ठा उचलायचो आणि बॅटरी मारून अंडी मोजायचो. नऊची सात झाली, सातची चार, आणि आज सकाळी एकही नाही. सारखं छेडलं की राणी स्वतःचीच अंडी खाऊन टाकते.

मी डोकं धरून बसलो, तर मागून बायको म्हणाली, "अहो, तिलाही विचारत होतात का, कुठवर आलं म्हणून?"



साहेब, हा रोग मला तुमच्याकडून लागला. तुम्हाला कोणाकडून लागला, ते सांगा!